कुरळ्या केसांना आधी पाणी

करंजाडे, पनवेल
डिसेंबर

चि. सोनू,


परवा व्हिडिओ कॉलवर तू डोक्यावरची टोपी काढायलाच तयार नव्हतीस. केस राठ झालेत, टोकं तुटतायत, जानेवारीत पार्लरमध्ये जाऊन सरळ करून टाकणार, एवढं घाईघाईने सांगून तू फोन ठेवलास. फोनवर वाद घालण्यापेक्षा नीट लिहावं म्हणून बसले आहे. आधी पत्र पूर्ण वाच, पार्लरचं नंतर ठरव.

तुझ्या केसांना काहीही झालेलं नाही. त्यांना पाणी कमी पडतंय. तू करंजाडेत वाढलीस. इथली थंडी म्हणजे पहाटे घाटाकडून येणारा कोरडा वारा. दुपारी खाडीकडचा वारा सुटला की हवेत पुन्हा ओल येते. आता तू राहतेस ते नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर. तिथे तो दुपारचा वारा पोचत नाही. शेजारच्या निफाडला कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच अंशांच्या आसपास उतरल्याच्या बातम्या आपण इथे बसून वाचतो. गार हवेत बाष्प मुळातच कमी मावतं. त्यात तू खोलीत रात्रभर हीटर लावतेस, म्हणजे तीच हवा आणखी कोरडी होते आणि केसातलं पाणी ओढून घेते.

हा त्रास तुझ्या मैत्रिणींपेक्षा तुलाच जास्त का, तेही सांगते. टाळूला सुटणारं तेल सरळ केसावरून सहज खाली उतरतं. कुरळ्या केसात ते प्रत्येक वळणावर अडतं, टोकापर्यंत पोचतच नाही. शिवाय वळणावर केसाचे वरचे खवले थोडे उघडे राहतात, तिथून पाणी लवकर निघून जातं. म्हणून मुळाशी तेलकट आणि टोकाला रखरखीत असे तुझे केस एकाच वेळी असतात.

त्यावर तू काय करतेस? कोरड्या केसांवर वाटीभर तेल ओततेस. तेलाने केसात पाणी येत नाही. आत असलेलं पाणी तेवढं ते धरून ठेवतं. आधी केस ओले हवेत, मग त्यावर तेलाचा अगदी पातळ हात. दोन थेंब तळव्यांवर चोळून फक्त टोकांना लावायचे. एवढा क्रम बदललास तरी पंधरवड्यात फरक दिसेल.

न्हाण्याआधी तेल लावण्याची आजीची रीत मात्र सोडू नकोस. दिवाळीच्या अभ्यंगाला आधी तेल का, याचं एक उत्तर आपल्या मुंबईतच मिळालं. मॅरिको कंपनीतल्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केसातली प्रथिनं वाहून जाणं फक्त खोबरेलाने कमी झालं, न्हाण्याआधी लावलं तरी आणि नंतर लावलं तरी. खोबरेलातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं, बाकीची दोन तेलं वरच राहतात. चोवीस अंशांच्या खाली खोबरेल गोठतं, तेव्हा नाशिकला बाटली उलटी धरून झटकत बसू नकोस. कोमट पाण्याच्या मगात ती उभी ठेव, गॅसवर नको. न्हाण्याआधी तासभर लावलं तरी पुरे. टाळूला खाज असेल, पिवळसर तेलकट कोंडा पडत असेल, तर मात्र तेल रात्रभर मुरवू नकोस. त्या कोंड्याच्या बुरशीला तेलच लागतं. तसं असेल तर सरळ त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

इथे असताना आपण दिवसाआड शाम्पू लावायचो. उलव्याची टेकडी कापली जात होती, नवी मुंबई विमानतळाच्या कामाची धूळ डोक्यात बसायची, इलाज नव्हता. २५ डिसेंबर २०२५ ला विमानं उडायला लागली, पण ती सवय तू तशीच नाशिकला घेऊन गेलीस. आता आठवड्यातून एकदाच शाम्पू लाव, तोही टाळूला. टोकांना वाहत्या फेसाचं पाणी पुरतं. गिझरचं पाणी कोमट ठेव. थंडीत कढत पाणी डोक्यावर घ्यावंसं वाटतं, पण ते उरलंसुरलं तेलही धुऊन नेतं. तुमच्या वसतिगृहात बोअरचं पाणी आहे म्हणालीस. आपल्याकडे टँकर आला की साबणाला फेस येत नाही ना, तशातलंच ते जड पाणी. शेवटचा मग पिण्याच्या आरओच्या पाण्याचा घे.

कंडिशनर लावलेला असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने गुंता काढ, टोकाकडून वर. कोरड्या केसांत फणी घालायची नाही, कुणी कितीही ‘झिपऱ्या आवर’ म्हणालं तरी. मग टॉवेलने खसाखसा न पुसता जुन्या सुती पंच्यात केस दाबून घे. ओले, पण गळत नसलेले केस हवेत.

त्याच वेळी जवसाचा चीक लावायचा. जवस आपल्याला चटणीपुरते माहीत, पण उकळल्यावर त्याला जो बुळबुळीत चीक सुटतो त्याने बट छान बांधली जाते. दोन चमचे जवस, दोन कप पाणी, मंद आच, आणि सारखं ढवळत राहायचं. आधी नुसतं पाणी दिसतं, मग पांढरट फेस चढतो. डाव वर उचलल्यावर अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटली की लगेच बंद कर आणि गरम असतानाच मलमलीतून गाळ. गार झालं की फडक्यातून थेंबही उतरत नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं, वास बदलला की टाकून दे. केसांना लावताना बटा मुठीत घेऊन खालून वर दाबायच्या, आणि त्यावर ते दोन थेंब तेल.

आता पार्लरचं. केराटिन म्हणून जे करतात त्यात केसांना रसायन लावून इस्त्री फिरवतात. काही रसायनांतून तापल्यावर फॉर्मल्डिहाइडचा वायू निघतो, डोळे चुरचुरतात ते त्यानेच. २०२३ साली इस्रायलच्या डॉक्टरांनी केस सरळ करून घेतल्यानंतर मूत्रपिंडं अचानक बिघडलेल्या २६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. एवढं करून मुळाशी येणारा नवा केस कुरळाच येणार. आजीचे असेच होते, माझे असेच आहेत. तुझ्या बटा मला फार आवडतात, आणि त्या जाळून घेऊ नकोस एवढं मागायचा माझा हक्क आहे.

लोकरीची टोपी केस घासून तोडते, म्हणून आतून रेशमी अस्तराची नवी टोपी शिवून घेते. अभ्राही तसाच. शनिवारी तुझे बाबा नाशिकला येतायत, त्यांच्यासोबत जवस आणि कंगवाही पाठवते. शिंप्याकडे शुक्रवारी सकाळी द्यायचं आहे, तेव्हा डोक्याचं माप उद्याच्या उद्या कळव.

तुझी,
आत्या