धूर कमी करायचं शिक्षण, तेही सरकारी खर्चाने

एसएसएलसी आणि पीयूसीचे निकाल लागले की बेळगावच्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते. कॉम्प्युटर सायन्स मिळेल का, नाही मिळालं तर एआय, तेही नाही तर निदान इलेक्ट्रॉनिक्स. मेकॅनिकल, केमिकल, मेटलर्जी ही नावं काढली की आईवडिलांचे चेहरे उतरतात. वडील स्वतः उद्यमबागेत किंवा मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत मोल्डर नाहीतर फेटलिंगवर असले, तर विरोध आणखी कडक. ‘आमचं आयुष्य धुळीत गेलं, पोराचं तरी जाऊ नये,’ असं पालक मला सांगतात. त्यामागची माया खरी आहे आणि धूळही खरी आहे. म्हणून या धुळीबद्दलच बोलू या. ती कमी कशी करायची हा संशोधनाचा विषय आहे आणि त्या संशोधनावर सरकार खर्च करतं. ते काम शिकणाऱ्या मुलालाही दरमहा पैसे मिळतात, ही गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही.

तिसरं रेल्वे गेट ओलांडून खानापूर रस्त्याला लागलं की उद्यमबाग, पुढे पिरनवाडी आणि मग मच्छे. पंप, व्हॉल्व्ह, हायड्रॉलिकचे भाग, क्रँकशाफ्ट आणि या सगळ्यांना लागणारी कास्टिंग्ज याच पट्ट्यात तयार होतात. १९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं, म्हणजे व्हीटीयूचं मुख्यालयही मच्छेतच आहे, ज्ञानसंगम परिसरात. कर्नाटकातल्या बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालयांची पदवी इथून दिली जाते. भट्ट्या आणि विद्यापीठ इतके शेजारी असलेली गावं देशात थोडीच असतील. तरीही आपल्या मुलांना संशोधन म्हटलं की बेंगळुरू आणि अमेरिकाच आठवते.

आता फौंड्रीच्या आत जाऊ. साचा वाळूचा असतो. सिलिका वाळू, बेंटोनाइट माती, थोडी कोळशाची पूड आणि पाणी मिसळून तो ठोकतात आणि त्यात १४०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला लोखंडाचा रस ओततात. कास्टिंग निवलं की साचा फोडायचा, वाळू झाडायची आणि तीच पुन्हा वापरायची. पण वाळू तशीच राहत नाही. ५७३ अंशांना सिलिकाच्या कणाची आतली रचना बदलते आणि तो एकदम फुगतो. अशी उष्णता पुन्हा पुन्हा सोसून त्याला चिरा जातात, तो फुटतो आणि त्याची पूड होते. उन्हाच्या तिरिपीत जी धूळ दिसते ती बहुतेक नाकाघशातच अडकते. खरा धोका न दिसणाऱ्या धुळीचा. पाच मायक्रॉनहून लहान कण फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात आणि तिथेच राहतात. त्यातून सिलिकोसिस होतो, आणि एकदा झालेला सिलिकोसिस बरा करणारं औषध नाही. कामाच्या ठिकाणी श्वासातून जाणाऱ्या या स्फटिकी सिलिकाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये निश्चित कर्करोगकारकांच्या गटात टाकलं.

इथून प्रश्नांची रांग लागते, आणि यातला प्रत्येक प्रश्न कुणाचा तरी एमटेकचा किंवा पीएचडीचा विषय होऊ शकतो. वाळू किती वेळा वापरली की ती बाद धरायची? कणांवर चिकटलेली जळकी माती घासून काढायची, की रेझिन लावलेली वाळू ६००-८०० अंशांवर भाजून तिचं रेझिन जाळून टाकायचं? भाजायला लागणारी ऊर्जा नव्या वाळूच्या किमतीपेक्षा स्वस्त पडेल का? बाद वाळू गावाबाहेर ओतण्याऐवजी पेव्हर ब्लॉकमध्ये घातली तर ब्लॉकची ताकद टिकते का, आणि पावसात त्यातून काही झिरपतं का? कास्टिंगमधली पोकळी घडवणारा वाळूचा कोअर बनवताना लागणाऱ्या रेझिनचा डोळे चुरचुरवणारा वास कामगारांना रोज सोसावा लागतो. जर्मनीत लांड्सहूटच्या बीएमडब्ल्यू फौंड्रीत ॲल्युमिनियमच्या कास्टिंगसाठी असेंद्रिय बाइंडर वापरतात, त्यामुळे तो धूर जवळजवळ होत नाही. लोखंडाच्या रसाला ते बाइंडर तितकेच चालतील का, हा प्रश्न आपल्या कामाचा आहे, कारण आपल्याकडे मुख्यतः लोखंडच ओततात.

सरकारी पैशातून असं काम कसं उभं राहतं, याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण हावड्याचं. तिथल्या छोट्या फौंड्र्या कोकवर चालणारा कपोला वापरत. कपोल्यात खालून एकाच ओळीतल्या नळ्यांनी वारा जातो, कोक जळतो, आणि वर जाताना त्या गरम वायूचं कार्बन मोनॉक्साइड होऊन तो धुराड्यातून वाया जातो. चुलीतल्या कोंडलेल्या धुराला फुंकणीची हवा लागली की तो जसा भडकतो, तसंच इथे करता येतं. वरच्या बाजूला नळ्यांची दुसरी ओळ बसवली, वारा दोन्हींत मोजून वाटला, की तो वायू भट्टीतच जळतो आणि त्याची उष्णता लोखंडाला मिळते. ही कल्पना जुनी होती. पण आपल्या लहान फौंड्रीला परवडेल असं तिचं मोजमाप कुणी करून ठेवलं नव्हतं. स्विस सरकारच्या विकास संस्थेच्या पैशातून दिल्लीच्या टेरी या संस्थेने ते केलं आणि १९९८ मध्ये हावड्यात अशी भट्टी चालवून दाखवली. कोकचा खर्च एक तृतीयांशाहून जास्त घटला. धुराड्यावर बसवलेल्या व्हेंचुरी स्क्रबरने धुळीचं प्रमाण कायद्याच्या मर्यादेच्या बरंच खाली आणलं. मालकाचे पैसे वाचले आणि गल्लीतल्या लोकांचा श्वासही मोकळा झाला. एका मालकाने स्वतःच्या खिशातून हा प्रयोग केला नसता, कारण फसला तर तोटा एकट्याचा आणि जमला तर शेजारी फुकटात नक्कल करणार. सार्वजनिक पैसा लागतो तो नेमका इथे.

असा पैसा बेळगावातही आला आहे. केंद्र सरकारच्या औद्योगिक पायाभूत सुविधा सुधारणा योजनेतून बेळगाव फौंड्री क्लस्टर उभं राहिलं. एकेकट्या फौंड्रीला न परवडणारी वाळू-शुद्धीकरणासारखी सोय सामायिक करायची, हा त्यामागचा विचार. नंतर संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संस्थेने केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोसोबत देशातल्या १२ लघुउद्योग समूहांत ऊर्जा बचतीचा प्रकल्प राबवला. त्यात फौंड्रीसाठी तीन समूह निवडले होते: कोइमतूर, इंदूर आणि बेळगाव. त्याला जागतिक पर्यावरण निधीचा आधार होता. माझं मत विचाराल, तर अशा योजनांत यंत्र आणणं सोपं असतं. ते वर्षानुवर्षं नीट चालवणारा, आकडे रोज लिहिणारा आणि बिघडल्यावर कारण शोधणारा शिकलेला माणूस मिळवणं अवघड. ती जागा आपल्या मुलांनी घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

फौंड्रीपुरतंच हे नाही. बेळगावच्या यमनापूरला हिंडाल्कोचा ॲल्युमिना कारखाना आहे. बॉक्साइटमधून ॲल्युमिना काढल्यावर जवळपास तितक्याच वजनाचा, किंवा त्याहून जास्त, क्षारयुक्त लाल चिखल उरतो. २०१० मध्ये हंगेरीत आयका इथे अशा चिखलाच्या तळ्याचा बांध फुटून दहा माणसं गेली. या चिखलाचा उपयोग शोधणारी केंद्रीय खाण मंत्रालयाची संस्था, जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्र, आपल्या नागपूरजवळ वाडीला आहे. साखर कारखान्यांच्या मळीवरच्या डिस्टिलरीचं सांडपाणी, निपाणीच्या वखारींत तंबाखू चाळताना उडणारी भुकटी, हे विषयही दारातलेच आहेत. साखरेसाठी बेळगावात एस. निजलिंगप्पा शुगर इन्स्टिट्यूट आणि पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे.

रसायनशास्त्राची आवड असलेल्या मुलाने पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेकडे, म्हणजे एनसीएलकडे बघावं. तिथले डॉ. अमोल कुलकर्णी यांना २०२० मध्ये अभियांत्रिकीतला शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. त्यांचं काम सतत वाहत्या अभिक्रियांवर आहे. हजारो लिटरच्या टाकीत एकदम रसायनं घालून ढवळण्याऐवजी ती बारीक नळीतून वाहती ठेवायची. त्यामुळे कोणत्याही क्षणी यंत्रात अगदी थोडं रसायन असतं, उष्णता पटकन बाहेर पडते आणि स्फोटाचा धोका घटतो. १९८४ मध्ये भोपाळच्या वायुदुर्घटनेच्या वेळी एकाच टाकीत सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट साठवलं होतं, हे लक्षात घेतलं की या कामाचं मोल कळतं.

आता पालकांचा खरा प्रश्न: शिकायचं, पण घर कसं चालायचं? बीईनंतर गेट परीक्षा देऊन आयआयटी, एनआयटीत किंवा एआयसीटीई मान्यतेच्या महाविद्यालयात एमटेकला प्रवेश मिळाला, तर दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. त्यात घर चालत नाही, पण मुलाचा खर्च बऱ्यापैकी निघतो. पीएचडीला किंवा सरकारी प्रकल्पात ज्युनिअर रिसर्च फेलो म्हणून लागलं तर जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. दोन वर्षांनी ते ४२,००० होतात. पंतप्रधान संशोधन फेलोशिप मिळाली तर सुरुवातच ७०,००० पासून, मात्र तिची निवड फार कठीण. सीएसआयआरच्या प्रयोगशाळांत काम करता करता त्यांच्याच एसीएसआयआर या संस्थेची पीएचडी करता येते. बीएस्सीला मूलभूत विज्ञान घेणाऱ्या गुणवंतांना केंद्राच्या इन्स्पायर योजनेत वर्षाला ८०,००० रुपयांपर्यंतची शिष्यवृत्ती आहे.

अडचणीही सांगायला हव्यात. आपला देश संशोधनावर उत्पन्नाच्या ०.६४ टक्केच खर्च करतो, तर चीन दोन टक्क्यांहून बराच जास्त. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन स्थापन झालं. त्यात पाच वर्षांत ५०,००० कोटींची योजना आहे, पण त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून यायचा आहे. विद्यावेतन काही वेळा महिनोन्महिने अडकतं. प्रकल्प तीन वर्षांचा असतो आणि तो संपला की नवा शोधावा लागतो. पीएचडीला पाच वर्षं धरा. घरात एकच मिळवतं माणूस असेल आणि धाकट्यांची फी भरायची असेल, तर थेट या वाटेला लागू नका. आधी दोन-तीन वर्षं कारखान्यात नोकरी करा. तो अनुभव वाया जात नाही. भट्टीजवळ उभं राहिलेला विद्यार्थी प्रयोगशाळेत जास्त चांगले प्रश्न विचारतो, असं मी पाहिलं आहे.

पीएचडीशिवायही या क्षेत्रात जागा आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची एनर्जी ऑडिटरची राष्ट्रीय परीक्षा पदवीधर अभियंत्याला तीन वर्षांच्या अनुभवावर देता येते. औद्योगिक सुरक्षिततेचा ॲडव्हान्स्ड डिप्लोमा मुंबईत सायनला केंद्रीय श्रम संस्थेत होतो. फौंड्रीचंच खोल शिकायचं असेल तर रांचीला १९६६ पासून त्यासाठीची राष्ट्रीय संस्था आहे, आताचं तिचं नाव निॲम्ट. डिप्लोमावाल्यांनी हिरमुसू नये. वाळूची चाचणी, धुराड्यातल्या धुळीचं मोजमाप, डस्ट कलेक्टरच्या पिशव्यांची देखभाल ही कामं डिप्लोमा झालेल्या हातांनीच होतात आणि त्यांच्या चुकीची किंमत सगळा कारखाना मोजतो. भट्टीत ओलं भंगार किंवा दोन्ही टोकं बंद असलेला पाइप गेला तर आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि रस उसळून बाहेर येतो. भंगार तपासायला उभा राहिलेला मुलगा तिथे जीव वाचवतो.

बीईच्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांनी यंदाच एक गोष्ट करावी. कर्नाटक राज्य विज्ञान तंत्रज्ञान परिषद, म्हणजे केएससीएसटी, पदवीच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांना दरवर्षी अर्थसाहाय्य देते. अर्ज महाविद्यालयामार्फत जातो. दरवर्षीच्या त्याच त्या ॲपऐवजी जवळच्या फौंड्रीत जाऊन एका पाळीत कोअर शॉपमध्ये किती धूळ उडते ते मोजा, पंखा आणि हूड बदलून पुन्हा मोजा. आकडे खरे असले की प्रकल्प आपोआप भारी होतो, आणि गेटनंतरच्या मुलाखतीत तुमच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असतं.

मराठी माध्यमातल्या आपल्या मुलांसाठी आणखी एक दार आहे. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातल्या, मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी ‘टाइप ई’ हा वेगळा प्रवर्ग आहे. दहावी किंवा बारावी सीमाभागातल्या मान्यताप्राप्त शाळा-महाविद्यालयातून झालेली हवी, रहिवासाचा आणि मातृभाषेचा दाखला हवा, आणि एमएचटी-सीईटी द्यावी लागते. मुंबईची आयसीटी किंवा सांगलीचं वालचंद डोळ्यांसमोर असेल, तर त्या त्या संस्थेची त्या वर्षीची प्रवेश पुस्तिका नीट वाचा. दाखल्यांसाठी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीतच धावपळ सुरू करा. निकालानंतर तहसील कार्यालयात रांग लागते आणि पहिल्या फेरीची तारीख कुणासाठी थांबत नाही.