खडस मासा

आपल्या नद्यांत किती तरी जातींचे मासे आहेत. मरळ आहे, वाम आहे, शिंगाळा आहे. पण सर्वांत देखणा मासा कोणता? जुने भोई सांगतील, "खडस." यालाच कोणी महाशीर म्हणतात.

खडसाचे खवले मोठे असतात. अंगावर सोनेरी झाक असते. तोंडाजवळ चार मिशा असतात. जबड्यात दात नाहीत. दात आहेत ते घशात! त्या दातांनी तो गोगलगाई फोडतो. किडे, शेवाळ, लहान मासे, काठच्या झाडांची पडलेली फळे, सारे त्याला चालते. १८३९ साली साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मुळा-मुठा नदीतल्या या माशाची शास्त्रीय नोंद केली.

खडस एकटा राहत नाही, थव्याने राहतो. त्याला वाहते, स्वच्छ पाणी आणि खडकाळ तळ हवा. उन्हाळ्यात नदी आटली, की थवा खोल डोहात गोळा होतो. पावसाळ्यात पाणी आले, की प्रवाहाच्या उलट वर चढतो. तिथे गोट्या-वाळूच्या तळावर मादी अंडी घालते. अंडी जड असतात. ती गोट्यांच्या फटीत बसतात. तीन-चार दिवसांत पिले बाहेर येतात.

थव्याने राहणे हे त्याचे बळ. पण तेच कधी त्याच्या मुळावर येते. मी लहान असताना आमच्या गावच्या डोहात असे खडस होते. एका उन्हाळ्यात काही जणांनी विहिरीच्या कामावरची जिलेटिनची कांडी डोहात टाकली. मोठा आवाज झाला. मासे पांढरे पोट वर करून तरंगू लागले. दोन टोपल्या भरल्या. तळाशी बुडून कुजले ते वेगळेच. बोटाएवढी पिलेही मेली. गावाने एक दिवस पोटभर मासे खाल्ले. पुढे कित्येक वर्षे त्या डोहात खडस दिसला नाही.

पाण्यात सुरुंग उडवणे किंवा विष कालवणे १८९७ सालीच कायद्याने गुन्हा ठरले. पण कायदा डोहावर पहारा करीत नाही. पहारा गावानेच करायचा असतो. महाड तालुक्यात वाळणकोंड नावाचा डोह आहे. तिथले मासे देवीचे मानतात. त्यांना कोणी मारीत नाही. लोक चुरमुरे टाकतात आणि मोठाले मासे काठाशी येतात.

दुसरे संकट धरणांचे. भिंत आडवी आली, की मासा वर चढणार कसा? यावर माणसाने एक उपाय शोधला. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या केंद्रात पिकलेल्या मादीची अंडी हाताने काढून त्यांत नराचे वीर्य मिसळले. पिले वाढवून दूरदूरच्या पाण्यात सोडली.

आपण काय करावे? पावसाळ्यात वर चढणारे मासे धरू नयेत. लहान पिले जाळ्यात आली तर परत सोडावीत. नदीतली सारी वाळू उपसू नये. बी-बियाणे खाऊन टाकणारा शेतकरी पुढच्या साली काय पेरणार? अंड्यावरची मादी म्हणजे नदीचे बियाणेच आहे.

प्रश्न
१. खडसाचे दात कोठे असतात?
२. उन्हाळ्यात खडस डोहात का गोळा होतात?
३. तुमच्या नदीत पूर्वी कोणते मासे होते? आज कोणते आहेत? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहा.