डबलचा डाव : हिशोब मांडून पाहा



उसाचे बिल खात्यात जमा झाले की सोसायटीचे कर्ज, खताची उधारी, पोरांची फी असे सगळे देणे एकदम दारात उभे राहते. गळीत हंगाम संपता संपता क्रिकेटचे आयपीएल सामने सुरू होतात आणि त्यांवर पैसे लावण्याचा नादही गावात शिरतो. ‘हरलो त काय झालं भाऊ, पुढचा डाव डबल लावायचा. एकदा लागला की सगळं वसूल!’ अशी युक्तीही सोबत सांगितली जाते. ही युक्ती किती खरी, ते आज आकडे मांडून पाहू.

हा नाद नवा नाही, आणि त्याचे मूळ आपल्या घाटंजीच्या ओळखीच्या पिकात, कापसात आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते व बंद भाव मुंबईला येत आणि त्यांवर लोक पैसे लावत. 1961 मध्ये ते भाव येणे थांबले. पुढे 1962 मध्ये कल्याणजी भगत यांनी व 1964 मध्ये रतन खत्री यांनी मटका चालवला. कापूस गेला, आकडा राहिला. दहा आकड्यांपैकी एक निघणार आणि रुपयाला नऊ मिळणार, हा एकेरी आकड्याचा रूढ भाव. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावला तरी नऊच परत येतात. उरलेला रुपया चालवणाऱ्याचा.

दुपटीचा हिशोब

आता डबलचा डाव घ्या. सुरुवात 100 रुपयांची. हरत गेलात तर पुढचे डाव 200, 400, 800, 1,600 आणि 3,200. सहा डावांत 6,300 रुपये गेले. सातव्याला 6,400 लावायचे, आणि तो लागला तर हाती निव्वळ नफा किती? फक्त 100 रुपये! चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला.

‘सहा वेळा लागोपाठ कोण हरतो?’ असे कोणी म्हणेल. 2025 च्या आयपीएल हंगामात 74 सामने होते. प्रत्येक सामन्यावर निम्म्या-निम्म्या शक्यतेचा डाव लावला, तर हंगामात कधीतरी लागोपाठ सहा हार येण्याची पाळी शंभरातल्या सुमारे चाळीस जणांवर येते.

शिवाय बरोबरीचा भाव कोणी देत नाही. समजा, रुपयाला 90 पैसेच मिळतात. मग चार हारींत 1,500 रुपये गेल्यावर पाचवा डाव 1,600 चा लावलात आणि जिंकलात, तरी मिळतात 1,440. म्हणजे जिंकूनही 60 रुपये खाली!

‘इतक्यांदा हरलो, आता लागणारच’ हा समजही खोटा. नाणे सहा वेळा छाप पडले म्हणून सातव्यांदा काटाच पडेल असे नाही. नाण्याला मागचे काही आठवत नसते.

खरी मेख येथेच आहे. या डावात बहुतेक दिवशी 100-100 रुपये मिळतात, म्हणून माणूस लोकांना छातीठोक सांगतो, ‘माझं जमतंय.’ मग एका आठवड्यात सगळे जाते, आणि ते तो कोणाला सांगत नाही. डाव डबल केल्याने शक्यता बदलत नाही. लहान लहान हारी साठवून एकच मोठी हार तयार होते, एवढेच. जुन्या दामदुपटीच्या नियमाने सावकाराचे व्याज मुद्दलापुढे जाऊ शकत नाही. डबलच्या डावाला तशी मर्यादा नाही. तो खिसा रिकामा झाल्यावरच थांबतो.

कायदा व उपाय

1872 च्या करार कायद्याच्या कलम 30 प्रमाणे पैजेचा करार निरर्थक आहे. जिंकलेले पैसे कोर्टातून मागता येत नाहीत. 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला.

घरात कोणी यात अडकला असेल तर :

1. गेलेले पैसे गेले असे समजून डाव त्याच दिवशी बंद करावा. ‘वसुली’साठी आणखी एक डाव नको.
2. एकूण देणे कागदावर मांडून घरच्यांना दाखवावे.
3. त्यासाठी शेत गहाण टाकू नये, पीक कर्जाला हात लावू नये.
4. रागावून माणूस सुधारत नाही. मन खचले असेल तर टेलिमानसच्या 14416 या क्रमांकावर फोन करावा.

एक टन ऊस पिकवायला वर्षभर राबावे लागते, बरं का! त्याचा पैसा असल्या डावात घालण्यापूर्वी वरचा हिशोब एकदा घरच्यांसमोर मोठ्याने वाचावा.