ट्रायथलॉन : धावण्याच्या सरावाची वेळ

ट्रायथलॉनमध्ये धावणे शेवटी येते. पोहणे व सायकलिंग होईतो ऊन चढलेले असते. त्यामुळे केवळ पहाटे धावून आपले शरीर त्या उन्हास सरावत नाही. तरीही उन्हाळ्यात दुपारी १२ ते ३ या वेळेत धावू नये. उन्हाची सवय सकाळी जरा उशिरा निघून, अल्प अंतरापासून, १० ते १४ दिवसांत करावी. उत्तर भारतात हिवाळ्याची पहाट मात्र फसवी असते : थंड हवेत धूर जमिनीलगत साचतो. तेथे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक पाहून, ऊन पडल्यावरच निघावे. भोवळ, मळमळ जाणवताच थांबावे, ठरविलेले अंतर अपुरे राहिले तरी. सोबती असंबद्ध बोलू लागल्यास तो उष्माघात समजावा. त्यास सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा व १०८ क्रमांकावर तत्काळ कळवावे.