मशीनची पॉवर का वाढवली नाही?

साकोलीचा आपला दवाखाना आणि नागझिऱ्याच्या बाजूचे आरोग्य केंद्र यांच्यात १० किलोमीटरची वायरलेस जोडणी आहे. सिकलसेलचा रुग्ण कळा सोसत आला, की तिकडच्या सिस्टर त्याला व्हिडिओवर डॉक्टरांना दाखवतात. पावसाळा लागताच ही जोडणी वारंवार तुटू लागली. "जास्त पॉवरचे मशीन घ्या, पैसे आम्ही देतो," असे अनेक हितचिंतकांनी कळवले. इतक्या मायेने आलेल्या सूचनेला आम्ही नकार का दिला, ते सांगतो.

भारतात ५.८ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात परवाना लागत नाही. मात्र अँटेनातून एका दिशेला जाणारी शक्ती ३६ डीबीएम, म्हणजे ४ वॉट, याच्या आतच ठेवावी लागते. या मोजणीत डिशही धरतात. हातातल्या बॅटरीचा बल्ब लहानच असतो, पण मागची चकचकीत वाटी त्याचा उजेड एकीकडे गोळा करते. डिशचे काम तेच. आमची डिश ३० डीबीआयची. तेव्हा रेडिओच्या वाट्याला उरले ६ डीबीएम, जेमतेम ४ मिलिवॉट! खोक्यावर २७ छापलेले आणि पडद्यावर ६ दिसते, म्हणून मशीन बिघडले असे वाटते. खरे तर देश भारत आणि डिशचा खरा आकडा भरला, की मशीन स्वतःच हात आखडते.

यादीत दुसऱ्या देशाचे नाव निवडले की हे बंधन सुटते, असे सांगणारे भेटतात. ते बेकायदा आहे. शिवाय त्याने आमचे काम भागलेच नसते. कसे, ते पाहा.

१० किलोमीटरच्या मोकळ्या हवेत या लहरी सुमारे १२८ डेसिबल क्षीण होतात. ३६ मधून १२८ वजा केले आणि पलीकडच्या डिशचे ३० मिळवले, की उणे ६२ उरतात. एवढा सिग्नल भरपूर झाला. (ऐकणाऱ्या डिशच्या आकारावर कायद्याचे बंधन नाही, म्हणून मोठी डिश तरीही फायद्याचीच.) आमच्या पडद्यावर मात्र उणे ७८ होते. १६ डेसिबलचा हा खड्डा पॉवरने भरायचा, तर ती ४० पट हवी: ४ वॉटचे १६० वॉट!

दोन्ही डिशा पुन्हा जुळवल्या, केबलचे जोड तपासले, फरक नाही. मग वाटेकडे पाहिले. समोरचे टोक डोळ्यांना दिसले म्हणजे वाट मोकळी, असे नसते. लहरींना सरळ रेषेभोवतीही जागा लागते; या अंतरावर मध्यभागी चहूबाजूंनी निदान ७ मीटर. उन्हाळ्यात सागाची पाने गळालेली असतात, तेव्हा जोडणी उत्तम चालली. पावसाने पाने फुटली, भिजली आणि वाट बुजली.

पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईने टीव्हीच्या रिकाम्या पट्ट्यात असेच प्रयोग केले. त्या लांब लहरी झाडीतून बऱ्या पार होतात. पण तो पट्टा आपल्यासारख्यांना बिनपरवाना खुला नाही. साग तोडण्याचा तर प्रश्नच नव्हता. ग्रामपंचायतीच्या परवानगीने आम्ही तिकडची डिश केंद्राच्या छतावरून पाण्याच्या टाकीवर नेली. खर्च झाला तो लोखंडी पट्ट्या, उन्हापावसात टिकणारी केबल आणि दोन माणसांची मजुरी एवढाच.

सिस्टर आता दर सोमवारी सिग्नलचा आकडा वहीत लिहितात. ऑगस्टच्या झडीत तो उणे ६५ होता.