एक दिवा पुरेसा आहे

दिल्लीतील चांदनी चौकाजवळच्या कूचा चौधरी या बाजारात छायाचित्रणाचे साहित्य मिळते. स्टुडिओ थाटू पाहणारा नवशिका तेथील असंख्य दिवे पाहून गोंधळतो आणि साठवलेली पुंजी एकदम खर्च करतो. वास्तविक प्रारंभी एक एलईडी दिवा, स्टँड, सॉफ्टबॉक्स व पांढरा पुठ्ठा पुरतो. दिव्याचा सीआरआय ९५ वा अधिक असल्यास त्वचेचे रंग यथार्थ उमटतात. सॉफ्टबॉक्समुळे प्रकाशाचा पृष्ठभाग मोठा होऊन छाया मृदू होते. पुठ्ठा अंधाऱ्या बाजूवर उजेड परतवतो. अंतर दुप्पट केल्यास उजेड सुमारे एक चतुर्थांश उरतो. म्हणून दुसरा दिवा घेण्यापूर्वी पहिलाच जवळ-दूर सरकवून चेहऱ्यावरील छायेचे निरीक्षण करावे.