सुतारशाळेतील धूळ आणि घरगुती हवागाळणी

(द्वितीय वर्ष कला)

आमच्या सुतारशाळेच्या छपराला एक काचेचे कौल आहे. दुपारी त्यातून कवडसा उतरतो, तेव्हा आपण कोणत्या हवेत श्वास घेतो ते डोळ्यांना दिसते. अप्पांना बरीच वर्षे खोकला आहे. त्याविषयी बोललो की ते म्हणतात, "अरे, भुसा खाऊनच घर चाललंय." याच भुशावर माझे शिक्षणही चालले आहे, म्हणून या विषयाकडे वळलो.

रंध्याचा जाड भुसा खाली पडतो. तो फारसा घातक नाही. पॉलिशपेपर व घासण्याचे यंत्र यांतून उडणारी बारीक धूळ मात्र तासन्‌तास हवेत तरंगते. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. १० मायक्रॉनपेक्षा मोठे कण बहुधा नाकाघशात अडकतात, तर ५ मायक्रॉनहून लहान कण फुप्फुसात खोल जाऊ शकतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीची गणना माणसात कर्करोग घडविणाऱ्या पदार्थांत केली आहे.

२०२० साली, करोनाच्या साथीत, रिचर्ड कॉर्सी व जिम रोझेंथाल या दोघा अमेरिकनांच्या कल्पनेतून एक स्वस्त हवागाळणी पुढे आली. गाळण्यांची चौकोनी पेटी करायची आणि वर पंखा बसवायचा, एवढीच ती युक्ती. तीच आम्ही आपल्या सोयीने केली.

साहित्य : बारा इंची एक्झॉस्ट पंखा, एसीच्या डक्टला लागणाऱ्या 'मर्व्ह १३' प्रतीच्या घडीच्या दोन गाळण्या, प्लायचे उरलेले तुकडे, चिकटपट्टी आणि जाड कापडासारखी धुता येणारी गाळणी.

कृती : प्लायची दोन फुटी पेटी करावी. समोरासमोरच्या दोन बाजूंना गाळण्या व त्यांच्या बाहेरून जाड गाळणी बसवावी. वरच्या फळीत पंखा असा बसवावा की हवा वर फेकली जाईल. म्हणजे हवा आधी गाळली जाते आणि पंख्यात धूळ शिरत नाही. सर्व फटी चिकटपट्टीने बंद कराव्यात. पंखा लावून सांध्यांजवळ वर्तमानपत्राची पातळ पट्टी धरावी. ती आत ओढली गेली तर तेथे फट आहे असे समजावे.

गाळणी ही चाळणी नव्हे. तिच्या धाग्यांमधील अंतर कणांहून मोठे असते; कण वाट काढताना धाग्यांवर आपटून चिकटतात. गाळणीचे क्षेत्रफळ जितके अधिक, तितका पंख्याला अडथळा कमी. म्हणून एकीऐवजी दोन.

आता हिशेब. खोली १५ × १२ × १० फूट, म्हणजे १,८०० घनफूट. गाळण्यांच्या अडथळ्यानंतर पंखा मिनिटाला ३०० घनफूट हवा ओढतो असे धरले, तर सहा मिनिटांत खोलीभर हवा एकदा यंत्रातून जाते. तासाला दहा वेळा.

काही पथ्ये मात्र पाळलीच पाहिजेत. जाड गाळणी दर आठवड्याला अंगणात झटकावी, पण नाकाला मास्क बांधून. आतील गाळणी काळवंडली की बदलावी. ती धुऊ नये. पंख्याला अर्थिंग हवे. थिनर, पॉलिशचा वास ही गाळणी अडवीत नाही. शिवाय त्या वाफा पेट घेऊ शकतात, म्हणून ते काम चालू असताना यंत्र बंद ठेवावे व खिडक्या उघडाव्यात. लाकूड घासणाऱ्याच्या नाकासमोर उडालेली धूळ यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच श्वासात जाते. त्यामुळे मास्क सुटत नाही.

अप्पांचा खोकला यंत्राने थांबला, असे मी लिहिणार नाही. ते डॉक्टरांचे काम आहे आणि त्यांच्याकडे जायला अप्पा आता तयार झाले आहेत. पण काम थांबल्यावर कवडशातील धूळ पूर्वीपेक्षा लवकर विरते, हे त्यांनीच प्रथम पाहिले. आता सकाळी करवतीआधी ते पंख्याचे बटण दाबतात. आपल्यापैकी अनेकांच्या घरी गिरणी, पिंजणयंत्र वा दगडकाम असेल. लाकडाचा हिशेब तेथे जसाच्या तसा लागू पडणार नाही. पण हवेकडे एकदा कवडशातून पाहायला काय हरकत आहे?